कथा सांगतंय कोण? नववी-दहावीला निवेदक शिकवण्याची रीत

नववीच्या वर्गात "या कथेचा निवेदक कोण?" असं विचारून पाहा. बहुतेक हात वर होतील आणि उत्तर एकच येईल, 'लेखक'. पुढचा प्रश्न विचारायच्या आत कुणीतरी "या कथेतून आपल्याला बोध मिळतो की..." सुरूही करेल. मुलांचा यात दोष नाही. पाठाच्या डोक्यावर लेखकाचा परिचय असतो आणि शेवटी तात्पर्य काढायचं असतं. मधली कथा कुणाच्या तोंडून आली हे विचारायची वेळच कधी येत नाही.

विदर्भातल्या खेड्यातल्या हायस्कूलमध्ये नव्यानं मराठी शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिलं आहे. प्रोजेक्टर नाही, नेट येतं-जातं, वर्गात पस्तीस-चाळीस मुलं आणि पस्तीस ते चाळीस मिनिटांची तासिका, एवढं धरून चाललो आहे. पाच तासिका लागतात. या पाचही तासिकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: याला हे कसं कळलं? प्रथमपुरुषी ('मी' म्हणून सांगणारा), तृतीयपुरुषी ('तो', 'ती' म्हणून सांगणारा), सर्वज्ञ हे सगळे शब्द त्या प्रश्नाच्या मागून येऊ द्या. ते आधी फळ्यावर लिहिले की मुलं पाठ करतात आणि तिथंच थांबतात.

कधी घ्यावं

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जुलैचे पहिले दिवस बसण्या-उठण्यातच जातात. ऑगस्ट सगळ्यात बरा. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी लागली की वर्गातले चेहरे रोज बदलतात. सोमवारी पहिली पायरी शिकलेला मुलगा गुरुवारी वावरात असतो. त्या दिवसांत घ्यावंच लागलं तर सलग कथा धरू नका, रोज एक नवा छोटा उतारा घ्या, म्हणजे काल न आलेला आज अडत नाही. मार्चच्या सकाळपाळीत तासिका आखूड होतात. तेव्हा हा विषय नकोच.

काय काय लागेल

- 800 ते 1,200 शब्दांची एक कथा. दोघांत एक प्रत पुरते. बारीक टाइपात एका कागदाच्या दोन्ही बाजूंना बसते. झेरॉक्स तालुक्याला जाऊन काढावी लागत असेल तर आठवडाभर आधी काढून ठेवा.
- फळ्यावर लिहिण्यासाठी सहा-सात ओळींचा एक उतारा. खाली दिला आहे, तोच चालेल.
- दोन रंगांचे खडू. मुलांकडे पेन्सिल आणि वहीचं एक जोडपान.
- वर्गात घरी कोण काय बोलतं याचा अंदाज: वऱ्हाडी, झाडी, गोंडी की कोरकू. सहाव्या आणि आठव्या पायरीला याचं काम पडतं.

## 1. कथा निवडताना

निवेदक स्वतः कथेतलं पात्र असावा आणि त्याला सगळं माहीत नसावं. लहान मूल, शेजारीण, नव्यानं लग्न होऊन आलेली सून, पाहुणा म्हणून आलेला भाचा, असे निवेदक सुरुवातीला सोपे जातात. कथा पक्की करण्याआधी स्वतः बसून एक चाचणी घ्या: वाचणाऱ्याला कळतात पण निवेदकाला कळत नाहीत अशा तीन गोष्टी सापडतात का? सापडल्या नाहीत तर कथा कितीही आवडती असो, या कामाची नाही.

सगळ्यात मोठा सापळा पाठ्यपुस्तकातच असतो. तिथले 'मी' असलेले कितीतरी पाठ आत्मचरित्राचे उतारे किंवा ललित लेख असतात. त्यांत 'मी' म्हणजे खरोखरच लेखक. तसा पाठ घेऊन "निवेदक आणि लेखक वेगळे असतात" असं सांगायला गेलात तर मुलं गोंधळतील, आणि गोंधळणं बरोबरच असेल. सुरुवात काल्पनिक कथेनंच करा. आत्मकथनाचा फरक शेवटच्या तासिकेला दोन वाक्यांत सांगता येतो.

मोठ्यानं वाचायला हजार शब्दांना नऊ-दहा मिनिटं लागतात. दुप्पट लांबीची कथा घेतली की एका वाचनातच निम्मी तासिका जाते.

## 2. पहिली तासिका: पुस्तक मिटून

तीन मुलं बोलवा. पहिला माठातून पाणी घेतो. दुसरा त्याच्या मागून येतो. ग्लास खाली पडतो, पहिला दुसऱ्याकडे पाहून हसतो. तिसरी मुलगी दाराबाहेर उभी आहे, तिला फक्त आवाज ऐकू येतो. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग. मग तिघांनी 'मी'पासून सुरुवात करून पाच-पाच ओळी लिहायच्या, आणि तोवर बाकी वर्गानं आपण काय पाहिलं ते लिहायचं.

तिन्ही वाचून घ्या. मागून येणारा हमखास लिहितो, "त्यानं मुद्दाम पाडला." इथं पहिल्यांदा विचारा, तुला हे कसं कळलं? तो म्हणेल, हसला ना तो. मग पहिल्याला विचारा. हसणं पाहिलेलं आहे, 'मुद्दाम' हा अंदाज आहे, हे वर्गाच्या तोंडून यायला हवं. बाहेरच्या मुलीनं "ग्लास पडला" लिहिलं असेल तर तिलाही विचारा: ग्लास की तांब्या, हे आवाजावरून कसं ठरवलं?

आता तुम्ही फळ्यावर लिहा: "पहिल्याला ग्लास पाडायचा नव्हता, पण पडल्यावर त्याला गंमत वाटली. दुसऱ्याला ते अपमानासारखं लागलं. बाहेरची मुलगी मात्र डब्यातल्या भाजीचा विचार करत होती." मुलं ओरडतील, तुम्हाला कसं कळलं? उत्तर असं द्या: गावात सप्ताहाला कीर्तनकार आख्यान लावतात तेव्हा देवाच्या मनात काय आलं आणि राक्षसाच्या मनात काय आलं, दोन्ही सांगतात. कुणी उठून विचारत नाही की बुवा, तुम्हाला कसं कळलं. अशा सांगणाऱ्याला सर्वज्ञ निवेदक म्हणतात. ही संज्ञा आता लिहा, आणि तासिका संपवा.

प्रसंग म्हणून गावातलं खरं भांडण कधीही घेऊ नका. बांधावरचा वाद असो की ग्रामपंचायतीची निवडणूक, दोन्ही बाजूंचे पुतणे-भाचे त्याच वर्गात बसलेले असतात.

## 3. 'मी' म्हणजे लेखक, ही समजूत सोडवणं

याचं औषध मुलांच्या वहीतच आहे. परीक्षेसाठी ती आत्मवृत्त लिहितात: फाटक्या पुस्तकाचं, वाळलेल्या झाडाचं, म्हाताऱ्या बैलाचं. असा एक जुना निबंध काढायला सांगा. "मी एक फाटकं पुस्तक बोलतोय" हे वाक्य कुणी लिहिलं? वहीच्या मालकिणीनं. बोलतंय कोण? पुस्तक. मग ती फाटली आहे का? वर्ग हसतो आणि मुद्दा बसतो. लिहिणारा तो लेखक, कथेच्या आत बसून सांगणारा तो निवेदक. जी मुलं सातवीपासून निवेदक रचत आली, त्यांना ही संज्ञा अवघड वाटायचं कारण नाही.

तृतीयपुरुषी कथेत मुलं पुन्हा घसरतात: "इथं 'मी' नाही, म्हणजे निवेदक नाही." निवेदक असतोच, तो फक्त स्वतःविषयी बोलत नाही. तो कुणाच्या खांद्यावर बसून पाहतोय, एकाच्या की सगळ्यांच्या, एवढं विचारलं तरी पुरे.

लेखकाचा परिचय या आठवड्यात वाचू नका.

## 4. वाचन दोनदा

पहिलं वाचन तुमचं, सलग, न थांबता. कठीण शब्दांचे अर्थ आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दुसरं वाचन मुलांचं, जोडीनं, पेन्सिल हातात: जिथं निवेदक दुसऱ्या कुणाबद्दल काही ठामपणे सांगतो तिथं रेघ मारायची. सगळ्या पानावर रेघा मारणारे निघतील. त्यांना एका पानाला पाचच रेघा, अशी अट घाला.

## 5. 'कसं कळलं' तक्ता

हा सगळ्या कामाचा कणा आहे. कथेवर करण्याआधी फळ्यावरच्या उताऱ्यावर एकदा सगळ्यांनी मिळून करायचा. उतारा असा:

> तान्ह्या पोळ्याला मी लाकडी बैल घेऊन निघालो तेव्हा गोठ्यात सर्ज्या नव्हता. बाबा म्हणाले, त्याला मामाच्या गावी ठेवलंय, तिकडं चारा लई आहे. मामाचं गाव धरणाच्या काठाला, म्हणजे सर्ज्याची मजाच. आईनं आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या कुणालाच वाढल्या नाहीत. तिचं डोकं दुखत होतं. संध्याकाळी कृषी केंद्राचे काका आले. बाबांनी त्यांना पैसे मोजून दिले आणि काका पहिल्यांदाच हसून गेले. मी सर्ज्याचा नवा कासरा खुंटीला टांगून ठेवला. तो आला की लागेल.

जोडपानावर तीन रकाने आखा: निवेदक काय सांगतो, त्याला ते कसं कळलं, आपल्याला काय कळतं. मधल्या रकान्यात चारच शब्द चालतील: *पाहिलं, ऐकलं, अंदाज, सांगता येत नाही.*

पहिली ओळ सोपी आहे. सर्ज्या मामाकडे आहे, हे *ऐकलं*, बाबांकडून. आपल्याला काय कळतं? बैल विकला असावा. इथं लगेच पुरावा मागा, कारण अजून एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पुरावा पुढं आहे: पैसे, आणि काकांचं हसणं. काका पहिल्यांदाच हसले हे *पाहिलं*. त्या 'पहिल्यांदाच'वर थोडं रेंगाळा. काका याआधीही येऊन गेलेत, आणि तेव्हा हसले नव्हते. बियाण्या-खताची उधारी हा शब्द उताऱ्यात कुठंच नाही, तरी आपल्याकडच्या वर्गात तो पाच सेकंदांत येतो. शहरातल्या वर्गात यायला वेळ लागेल. या बाबतीत तुमची मुलं पुढं आहेत, हे त्यांना सांगा.

"तिचं डोकं दुखत होतं" या वाक्यावर वर्ग फुटतो, आणि फुटू द्यावा. आईनं सांगितलं? की आई कपाळाला हात लावून बसली होती आणि यानं ठरवलं? उताऱ्यात उत्तर नाही. म्हणून चौथा शब्द ठेवला आहे. 'सांगता येत नाही' असं लिहायला मुलं घाबरतात, उत्तर कोरं राहील असं वाटतं. त्यालाही पूर्ण गुण मिळतात हे आधीच जाहीर करा.

शेवटच्या ओळीला एखादी मुलगी म्हणेल, "त्याला माहीत आहे सर, तो स्वतःची समजूत घालतोय." चूक म्हणून खाली बसवू नका. कुठल्या शब्दावरून, एवढंच विचारा. 'मजाच'मधला तो 'च' तिनं दाखवला तर तुमचं काम झालं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. "तुमच्या घरी असं कधी झालंय का?" हा प्रश्न विचारायचा नाही. कर्जापायी बैल गेलेलं, त्याहून वाईट काही झालेलं घर त्याच बाकांवर बसलेलं असू शकतं. प्रश्न उताऱ्यातल्या शब्दांवरच ठेवा. कुणी आपणहून बोललं तर ऐका आणि वर्गापुढं त्याचं विश्लेषण करू नका.

फळ्यावरचा उतारा झाला की मूळ कथेवर जोडीनं आठ ओळींचा तक्ता. दोन तासिका जातात. घाई करू नका, बाकी कुठंही वेळ वाचवता येतो.

## 6. मराठीच्या आपल्या खुणा

निवेदक कसा आहे हे तो सांगत नाही, त्याची भाषा सांगते. मराठीत तर क्रियापदच पुष्कळ बोलतं. या खुणा एकेक करून शोधायला लावा.

निघालो की निघाले. पहिल्या वाक्यातल्या 'निघालो'नं सांगणारा मुलगा आहे हे उघड झालं. पण 'मी पाहिलं', 'मी कासरा टांगला' यातून काहीच कळत नाही, कारण तिथं क्रियापद कर्मामागं जातं. त्यामुळे मराठी कथाकार मनात आणलं तर निवेदक बाई की पुरुष हे पानभर लपवू शकतो. कथेतलं असं पहिलं वाक्य शोधायचं, जिथं हे फुटतं. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुली 'मी गेली' म्हणतात, तेव्हा 'मी गेले' वाचून त्यांचा क्षणभर घोळ होतो. एकदा सांगून टाका, आणि त्यांच्या बोलण्यातलं 'गेली' दुरुस्त करत बसू नका.

म्हणे, असावा, वाटलं, जणू. फळ्यावर तीन वाक्यं लिहा. *गणपतनं दारू सोडली. गणपतनं दारू सोडली म्हणे. गणपतनं दारू सोडली असावी.* पहिल्यात निवेदक स्वतः जामीन राहतो, दुसऱ्यात गावावर ढकलतो, तिसऱ्यात अंदाज बांधतो. 'म्हणे'त कधी नुसती ऐकीव बातमी असते आणि कधी नाक मुरडणंही असतं. मोठ्यानं दोन्ही सुरांत वाचून दाखवा. वऱ्हाडीत हाच शब्द 'म्हने' होतो आणि पोट्टे दिवसभर वापरतात, त्यामुळे ही खूण सगळ्यात लवकर बसते. ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं ठेवायची ही शिस्त आपल्या मातीला नवी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' हा महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ जमवला तो स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना विचारून विचारून, आणि ते काम झालं ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. शाळेची सहल तिकडं जाणार असेल तर हे सांगायला विसरू नका.

आला की आले. निवेदक कुणाला अहोजाहो करतो आणि कुणाला अरेतुरे, याच्या दोन याद्या करायच्या. 'सावकार आला, मास्तर आले' एवढ्यावरून त्याचं मन कळतं. पण इथं बाहेरून आलेल्या शिक्षकांची एक ठरलेली चूक होते. वऱ्हाडात 'माहा बाप वावरात गेला', 'बाबा आला' हे प्रेमानंच म्हटलं जातं, त्यात अनादर शोधू नये. म्हणून नियम असा: शब्दाचं माप त्याच कथेतल्या दुसऱ्या शब्दाशी लावायचं. त्याच निवेदकानं बापाला 'आला' आणि तलाठ्याला 'आले' म्हटलं असेल तर आपुलकी आणि दबाव यांतला फरक मोजता येतो. मधेच एकाच माणसासाठी 'आले'चं 'आला' झालं तर त्या ओळीवर बोट ठेवा, तिथं काहीतरी बिनसलं आहे.

आम्ही की आपण. 'आमच्या गावात' म्हणणारा ऐकणाऱ्याला वेशीबाहेर उभा करतो, 'आपल्या गावात' म्हणणारा आत घेतो. नागपूरकडच्या हिंदीत 'अपन' सगळीकडे चालतं, तो कानात असलेल्या मुलांना हा फरक मुद्दाम दाखवावा लागतो. पाच मिनिटांत होतं.

तेव्हाचा मी आणि आताचा मी. "तेव्हा मला कळलं नव्हतं" असं वाक्य आलं की कथेत दोन 'मी' झाले: घडताना असलेला लहान आणि सांगत असलेला मोठा. वरच्या उताऱ्यात मोठा 'मी' नाहीच. म्हणून मुलांना शेवटी एक वाक्य जोडायला सांगा: "सर्ज्याला विकलं होतं हे मला पुढं कळलं." पुन्हा मोठ्यानं वाचा. काय हललं? बहुतेक वर्गांना आधीचा शेवट जास्त लागतो, पण कारण सांगता येत नाही. कारण असं की आता मुलाला सगळं कळलेलं आहे, त्यामुळे आपल्याला त्याच्याहून जास्त कळण्याचं ओझं उरत नाही.

## 7. भरवसा किती ठेवावा

'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा वापरली की मुलं 'खोटारडा' असं ऐकतात. वर्गात 'भरवशाचा नसलेला' म्हणा. परीक्षेपुरता पारिभाषिक शब्द नंतर द्या.

भरवसा तीन ठिकाणी वेगवेगळा तपासायचा. काय घडलं ते तो बरोबर सांगतो का? ते का घडलं, याबद्दलचं त्याचं म्हणणं पटतं का? आणि कोण चांगलं, कोण वाईट, हा त्याचा निवाडा मानावा का? सर्ज्याच्या मालकाचा मुलगा पहिल्यात पूर्ण भरवशाचा आहे: गोठा रिकामा होता, पैसे मोजले, काका हसले. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात तो पडतच नाही, त्याला कुणी वाईट वाटत नाही. हे तीन कप्पे केले नाहीत तर मुलं "निवेदक विश्वासू आहे" किंवा "नाही" एवढंच लिहून मोकळी होतात.

का चुकतो, याची कारणं: वय लहान, लांबून पाहिलं, स्वतःचा फायदा, कुणावर तरी राग किंवा माया. शेवटचं कारण मुलांना सुचत नाही. मायेनंही माणूस चुकीचं सांगतो, हे एखाद्या आईनं मुलाची बाजू घेतल्याच्या साध्या उदाहरणावरून दाखवा.

## 8. निवेदक बदलून लिहिणं

चौघांचे गट करा. त्याच प्रसंगाला चार निवेदक: आई, कृषी केंद्राचे काका, स्वतः सर्ज्या आणि सर्वज्ञ. प्रत्येकानं आठ-दहा ओळी, पंधरा मिनिटं. नियम तीन. घटना तीच राहील. निवेदक जे पाहू-ऐकू शकला तेवढंच सांगेल. भाषा त्याचीच असेल.

आईचं निवेदन घरच्या बोलीत लिहायला सांगा, नुसती परवानगी देऊन भागत नाही. "त्यायनं सकायीच सर्ज्याले सोडलं. म्या पायलं नाई. मी चुलीपाशीच बसून रायली. पोरगं लाकडाचा बैल घेऊन नाचत व्हतं, त्याले काय सांगू?" अशा चार ओळी मुलगी लिहून जाते, आणि प्रमाणभाषेत तीच मुलगी "मला अतिशय दुःख झाले" यापलीकडं सरकत नाही. भंडारा-गोंदियाकडं झाडीत लिहू द्या. घरी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्यांनी एखादं वाक्य आपल्या भाषेत लिहून शेजाऱ्याला अर्थ सांगितला तरी चालतं. या पानावर लाल पेन चालवायचा नाही. बोलीतलं शुद्धलेखन तपासायला गेलात तर पुढच्या वेळी कोरं पान हाती येईल.

नेहमी बिघडतं ते सर्ज्याच्या निवेदनात. बैल सगळं जाणतो: "मालकावर कर्ज होतं, कापसाला भाव नव्हता." दाव्याला बांधलेल्याला हे कसं कळलं? त्याला अनोळखी हाताचा वास कळेल, कासरा जुनाच आहे हे कळेल, गाडीत चढताना पाय घसरलेला कळेल, वाट मामाच्या गावाची नाही हे कळेल. अशी यादी फळ्यावर काढून दिली की दुसरा खर्डा बराच सुधारतो. दुसरा बिघाड म्हणजे शेवटी सगळ्यांना रडवणं आणि उपदेश. शेवटची ओळ खोडून वाचायला सांगा. दहापैकी आठदा लेखन सुधारतं, असा माझा अंदाज आहे.

काकांना खलनायक करायचा मोह गटाला आवरत नाही. काकांनाही वरच्या व्यापाऱ्याची उधारी असेल. त्यांच्या बाजूनं एक खरं वाटेल असं वाक्य लिहिल्याशिवाय गटाचं काम पूर्ण धरू नका.

## 9. उत्तर लिहायला शिकवणं

दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमताचे प्रश्न असतात, तिथं हे काम उपयोगी पडतं. उत्तर 50 ते 80 शब्दांचं ठेवा. त्यात चार गोष्टी याव्यात: निवेदक कोण, ते कुठल्या शब्दांवरून, त्याला काय माहीत नाही, आणि त्यामुळे वाचणाऱ्यावर काय परिणाम होतो. पाच गुण असे वाटा: ओळख 1, पुरावा 2, मर्यादा 1, परिणाम 1. पुराव्याला दोन गुण आहेत हे मुलांना दिसलं की अवतरणचिन्हं आपोआप वापरली जातात.

कच्चं उत्तर असं असतं: "या उताऱ्यात लेखकाने शेतकऱ्याचे दुःख फार सुंदर मांडले आहे. यातून आपल्याला प्राण्यांवर प्रेम करावे हा बोध मिळतो."

बरं उत्तर असं: "या उताऱ्याचा निवेदक एक लहान मुलगा आहे. 'मी लाकडी बैल घेऊन निघालो' यावरून ते कळते. बैल मामाच्या गावी आहे हे त्याने बाबांकडून ऐकले आहे आणि ते त्याला खरे वाटते. 'काका पहिल्यांदाच हसून गेले' हे तो पाहतो, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. आपल्याला तो लागतो, म्हणून खुंटीवरचा नवा कासरा वाचताना आपण अस्वस्थ होतो."

दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि मुलांनाच गुण द्यायला लावा. या धड्यापुरते "लेखकाला सांगायचे आहे की" आणि "बोध मिळतो" हे दोन शब्दप्रयोग बंद. उत्तर प्रमाणभाषेत, बोलीतले शब्द अवतरणात. गाईडमधून उतरवलेलं उत्तर ओळखायला सोपं जातं, त्यात पुराव्याचं अवतरण नसतं.

दोन आठवड्यांनी, न सांगता, शंभर शब्दांचा अनोळखी उतारा द्या आणि एकच प्रश्न विचारा: निवेदकाला न कळलेली एक गोष्ट शोधा आणि ती तुम्हाला कुठल्या शब्दावरून कळली ते लिहा. दहा मिनिटं पुरतात. ज्यांनी पुन्हा 'लेखकाला' असं लिहिलं त्यांची वेगळी यादी करा. त्यांच्यापुरता नववी पायरी नव्हे, दुसऱ्या पायरीचा माठ आणि ग्लास पुन्हा काढायचा, आणि या वेळी दाराबाहेर त्यांनाच उभं करायचं.